पाच महिन्यांच्या खंडानंतर चेकराइड : प्रकल्प नोंदी, मार्च ते मे २०२५

विमान सेस्ना १७२एस. तळ लिव्हरमोअर, कॅलिफोर्निया. उंची ४०० फूट, दोन समांतर धावपट्ट्या, त्यातली मोठी ५,२५३ फुटांची. उद्दिष्ट एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाचं, खासगी वैमानिक प्रमाणपत्र. त्याची तोंडी आणि हवेतली प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे चेकराइड. विद्यार्थिनीचं शेवटचं उड्डाण ४ ऑक्टोबर २०२४ला झालं, तोवरचे एकूण तास ५२.४. त्यानंतर नोकरीचं वेळापत्रक आणि सेंट्रल व्हॅलीतलं हिवाळी ट्यूली धुकं यांत पाच महिने गेले. नोंदी प्रशिक्षकाच्या.

८ मार्च

आज विमानाला हात लावला नाही. खंड पडला की लोक आधी विमान बुक करतात आणि लॉगबुक चेकराइडच्या आदल्या आठवड्यात उघडतात. क्रम उलटा हवा. नियमांतल्या प्रत्येक मुदतीचं घड्याळ वेगळं आहे, आणि आपण उडत नसलो तरी ही सगळी घड्याळं चालूच राहतात.

सगळ्यात कडक मुदत लेखी परीक्षेची. ती १४ जून २०२३ला उत्तीर्ण. निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा ३० जून २०२५पर्यंत पूर्ण झाली पाहिजे. हुकलं तर ६० प्रश्नांचा पेपर पुन्हा. म्हणून सगळं वेळापत्रक या तारखेपासून मागे मोजत आखलं. परीक्षकाची तारीख १७ मेची घेतली. जूनमधलीही मिळत होती, पण वारा किंवा विमानाची दुरुस्ती आडवी आली तर हाताशी सहा आठवडे हवेत.

एकट्याने उडण्याची सही ९० दिवसांची असते. शेवटची ऑगस्टमधली, ती केव्हाच संपली. परीक्षेच्या तयारीसाठी प्रशिक्षकासोबत ३ तास लागतात आणि ते परीक्षेच्या महिन्याच्या आधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांपासून मोजतात. परीक्षा मे महिन्यात, तर १ मार्चपासून. गेल्या सप्टेंबरात 'परीक्षेची तयारी' असा शेरा मारलेले २.८ तास एकूण तासांत धरले जातील, या तिनांत नाहीत. परीक्षा जूनवर गेली तर मोजणी १ एप्रिलपासून होईल, मार्चमधली उड्डाणंही बाद. त्यामुळे तयारीचे तास मार्चमध्येच उरकायचे नाहीत, एप्रिल-मे मिळूनही तीन भरले पाहिजेत.

मेडिकल तृतीय श्रेणीचं, चाळिशीच्या आत काढलेलं, ६० महिने चालतं. प्रश्न नाही. पारपत्र भारतीय असल्याने टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची) मंजुरी आणि व्हिसाची तारीख दोन्ही तपासली. एच-१बीवरच्या आपल्या मंडळींनी खंडानंतर हे आधी बघावं, कारण २०२४च्या नियमानुसार मंजुरी पाच वर्षांपर्यंत चालते, पण व्हिसाचा दर्जा त्याआधी संपला तर तिलाही अर्थ उरत नाही.

मग लॉगबुकातली प्रत्येक ओळ नियमाच्या यादीशी लावली. तीन ठिकाणी कमी भरलं. एकटीने केलेलं क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळावर जाण्याचं) उड्डाण ४.६ तास, हवेत ५. हुड (बाहेरचं दिसू न देणारी टोपी) लावून केवळ उपकरणांवर उडणं २.७, हवेत ३. तिसरी उणीव रकान्यात दिसतच नव्हती. रात्रीच्या लँडिंगच्या रकान्यात १० लिहिलेलं आहे. शेऱ्यात मात्र १९ जुलैच्या ओळीवर पेन्सिलने बारीक 'टच अँड गो', म्हणजे टेकून न थांबता पुन्हा उड्डाण, असं लिहिलेलं सापडलं. नियमात दहाही लँडिंग पूर्ण थांबून झालेली हवीत. म्हणजे खरी नऊच. परीक्षकाच्या टेबलावर हे निघालं असतं तर परीक्षा सुरू होण्याआधीच घरी.

९ मार्च — हवेत १.४ तास

आज शिकवायचं नाही, फक्त मोजायचं, असं ठरवून गेलो. परीक्षेचे निकष एसीएस या एफएएच्या पुस्तिकेत आकड्यांत दिलेले आहेत. प्रत्येक कामगिरीपुढे प्रत्यक्ष आकडा लिहिला. अल्टामाँटच्या पवनचक्क्यांच्या पूर्वेला, ४,००० फुटांवर.

४५ अंशांचं तीव्र वळण : डावीकडे १८० फूट खाली, उजवीकडे ६० फूट वर. मुभा १०० फुटांची. मंद उड्डाण : उंची ७० फुटांत राखली, पण चेंडू (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा उपकरणातला गोळा) सतत अर्धा उजवीकडे. पॉवर-ऑन स्टॉल (पूर्ण पॉवरवर नाक इतकं वर नेणं की पंख उचल गमावतात) : चेंडू पुरता एक रुंदी उजवीकडे आणि डावा पंख पडला. तीन लँडिंग : पूर्ण फ्लॅप (पंखांमागच्या, सावकाश उतरायला मदत करणाऱ्या झडपा) असताना शेवटच्या टप्प्यावर वेग ७० ते ७२ नॉट (ताशी नॉटिकल मैल), तिन्ही वेळा नाक लवकर उचललं. रेडिओ उत्तम. चेकलिस्ट सावकाश, पण एकही ओळ गाळली नाही.

संध्याकाळी २०२४चे शेरे काढून बसलो. 'उजवा रडर' (शेपटीवरची, पायाने चालवायची उभी झडप) हा शेरा मे ते सप्टेंबरमध्ये पाच वेळा आलेला आहे. 'वेग जास्त' चार वेळा. म्हणजे आज जे बिघडलेलं दिसलं ते खंडाने बिघडवलेलं नाही. जे पक्कं बसलं होतं ते पाच महिन्यांनीही जागेवर आहे. जे तेव्हाही डळमळीत होतं तेच निसटलंय. रोज उडताना सरावाच्या बळावर ते निभावून जात होतं. म्हणून अभ्यासक्रम पहिल्यापासून गिरवायचा नाही. तास आणि पैसा फक्त या दोन जागी घालायचा, आणि कागदावरच्या तीन उणिवा भरायच्या.

१६ मार्च — १.३ तास

पूर्ण दिवस पायांचा.

४,५०० फूट, वेग ६५ नॉट, फ्लॅप वर. नाक माउंट डायब्लोच्या शिखरावर धरायचं. थ्रॉटल चार सेकंदांत आयडलवरून पूर्ण, मग चार सेकंदांत परत आयडल. पंख सपाट ठेवायचे आणि शिखर पायांनीच नाकासमोर धरायचं. पहिल्या खेपेला नाक दहा-बारा अंश डावीकडे पळालं. आठव्या खेपेला जागचं हललं नाही.

चूक पायाच्या ताकदीची नव्हती, वेळेची होती. ती चेंडू सरकलेला पाहून पाय देत होती. चेंडू सांगतो तोवर नाक वळलेलं असतं. हात थ्रॉटल पुढे नेतोय तेव्हाच उजवा पाय पुढे जायला हवा, हात आणि पाय एकाच दोरीने बांधल्यासारखे. दुसरं कारण अगदी साधं निघालं : जाड तळव्याचे धावायचे बूट. टाच जमिनीवर टेकत नव्हती, पाय अधांतरी. पुढच्या वेळी पातळ तळव्याचे.

मग पॉवर-ऑन स्टॉल, सहा वेळा. आधी दोन्ही बाजूंना ९० अंश वळून आकाश मोकळं असल्याची खात्री. वेग ६०पर्यंत उतरवायचा, पूर्ण पॉवर, नाक वर. या स्थितीत पंख्याचं खाली येणारं पातं, म्हणजे चालकाच्या बाजूने पाहता उजवं, जास्त ओढ देतं आणि नाक डावीकडे ढकलतं. वेग जसा पडतो तसा रडरचा जोरही कमी होतो, म्हणून एकदा दिलेला पाय पुरत नाही, वाढवत न्यावा लागतो. पहिल्या दोन वेळा डावा पंख पडला आणि दुसऱ्या वेळी तिने तो उचलायला उजवीकडे एलेरॉन (पंखांच्या टोकाकडची, विमान कलवणारी झडप) दिला. पंख आणखी पडला. त्याने डाव्या पंखावरचा एलेरॉन खाली जातो आणि त्या पंखाचा हवेशी असलेला कोन वाढतो, आणि तो तर आधीच स्टॉल झालेला. पंख पडला तर आधी नाक खाली, पायाने वळणं थांबवायचं, मग पंख सपाट. तिसऱ्यापासून पुढे चेंडू मध्यात. सगळं जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर; एसीएस १,५००च्या वर सावरून झालेलं मागतं.

३० मार्च — १.२ तास

लँडिंग. आठ वेळा, सगळी शॉर्ट-फील्ड (छोट्या धावपट्टीवर उतरण्याच्या) पद्धतीची, पण लांब धावपट्टीवर.

विमानाच्या पुस्तिकेतला वेग ६१ नॉट, पूर्ण फ्लॅप. ती ६८वर येत होती आणि 'फक्त सातच नॉट जास्त' असं तिला वाटत होतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६८चा वर्ग भागिले ६१चा वर्ग म्हणजे १.२४. चोवीस टक्के जास्तीची ऊर्जा धावपट्टीवर तरंगूनच संपवावी लागते, आणि निकष ठरवलेल्या जागेपासून पुढे २०० फूट, अलीकडे शून्य.

२०० फूट डोळ्याने कसे मोजायचे? मधल्या रेषेवरून. पांढरा पट्टा साधारणपणे १२० फूट आणि रिकामी जागा ८० फूट. एक पट्टा अधिक एक मोकळी जागा, झाले २००. साध्या लँडिंगला मुभा ४०० फुटांची, म्हणजे अशा दोन जोड्या. तिने हजार फुटांच्या जाड खुणा ही टेकायची जागा धरली आणि नजरही तिथेच लावली. तिथेच चूक आहे. ज्या बिंदूवर विमान रोखतो तिथे ते टेकत नाही, नाक उचलल्यावर पुढे तरंगतं. म्हणून नजरेचा बिंदू खुणेच्या एक पट्टा अलीकडे.

पहिली तीन : ३५०, ३००, २६० फूट पुढे. चौथं खुणेच्या ४० फूट अलीकडे, म्हणजे परीक्षेत नापास. अलीकडे टेकण्याची भीती बसली की पुढच्या वेळी वेग वाढतो, आणि पाचवं ३१० झालं. सहावं ते आठवं : १५०, ११०, १६०. तिन्ही वेळा वेग ६१ ते ६३.

५ एप्रिल

उड्डाण रद्द. वारा १९० अंशांवरून १६ नॉट, झोत (मधूनच येणारा जोर) २४. धावपट्टीशी कोन ६० अंशांचा, म्हणजे झोतात आडवा वारा २१च्या आसपास. विमानाच्या पुस्तिकेत चाचणीत दाखवून दिलेला जास्तीत जास्त आडवा वारा १५. खुर्चीत बसून ४० मिनिटं चेकलिस्ट आणि इंजिन बंद पडल्याचा क्रम तोंडाने म्हटला : ६८ नॉट, जागा, मग इंधन.

१२ एप्रिल — सोबत ०.८, एकटी १.६

सकाळी तीन लँडिंग पाहून ९० दिवसांची नवी सही. दुपारी मर्सेडला जाऊन परत. तिला मोडेस्टोला जायचं होतं, ओळखीचं आहे म्हणून. लिव्हरमोअर ते मोडेस्टो सरळ रेषेत सुमारे ४१ नॉटिकल मैल. क्रॉस-कंट्री म्हणून धरायला ५०पेक्षा लांब लँडिंग हवं. मोडेस्टोला गेली असती तर तास भरले असते, पण या रकान्यात शून्य. मर्सेड सुमारे ६७. एकूण आता ६.२. ही उणीव संपली.

१९ एप्रिल — १.२ तास, रात्री

साडेआठला निघालो. लॉगबुकातली रात्र सूर्यास्ताला नाही, नागरी संधिप्रकाश संपल्यावर सुरू होते. हुड ०.५, आता ३.२. थांबून लँडिंग तीन, एकूण बारा. दोन जास्तीची मुद्दाम.

काळोखात नाक लवकर उचलण्याची खोड परत आली. दिवे रुंद दिसतात आणि जमीन जवळ आल्याचा भास होतो. लँडिंग लाइटच्या उजेडात टायरचे काळे ओरखडे दिसेपर्यंत थांबायचं, मग उचलायचं. तिसरं छान टेकलं.

२७ एप्रिल

तोंडी परीक्षेची तयारी, साडेतीन तास. आराखडा लिव्हरमोअर ते रेड ब्लफ, सुमारे १५० नॉटिकल मैल. तिने फोरफ्लाइट या उड्डाण-नियोजनाच्या ॲपमध्ये नकाशावर सरळ जांभळी रेष ओढली. ती रेष ट्रॅव्हिस हवाई दलाच्या तळावरून जाते. तिथे नियंत्रित हवाई क्षेत्र आहे आणि भोवती ए-६८२ हे अलर्ट एरिया, मोठ्या लष्करी विमानांची ये-जा. अलर्ट एरियात जायला बंदी नाही, पण परीक्षक विचारणारच : इथून का? रिओ व्हिस्टावरून वळसा घेतला तर वाढ किरकोळ आणि उत्तर सरळ. चुंबकीय मार्ग वायव्येकडचा, म्हणून उंची सम हजार अधिक ५००. डायब्लो ३,८४९ फुटांचा शेजारीच, तेव्हा ४,५००.

वजन : रिकामं विमान १,७१५ पौंड, दोघे ३६०, ५३ गॅलन वापरण्याजोगं इंधन ३१८, सामान २०. एकूण २,४१३, मर्यादा २,५५०. 'मग मॅन्युव्हरिंग वेग किती?' (ज्याच्या खाली जोरदार झोतानेही विमानाच्या सांगाड्यावर मर्यादेबाहेर ताण येत नाही तो वेग.) तिने लगेच १०५ म्हटलं. तो पूर्ण वजनाचा. या वजनाला १०२. हलकं विमान झोतात जास्त उसळतं, म्हणून वेग कमी. हे कारण तिला सांगता आलं नाही, आकडा फक्त पाठ होता.

तोंडीत बहुतेक जण अडतात ते इथेच. आद्याक्षरांच्या युक्त्या पाठ असतात; 'लँडिंग लाइट गेलाय, आज रात्री जाशील का?' असं विचारलं की गप्प. उत्तर : भाड्याने प्रवासी वा माल नेण्याचं उड्डाण नसेल तर नियम तो दिवा मागत नाही, पण विमानाच्या उपकरण यादीत आणि एडीमध्ये (एफएएच्या सक्तीच्या सुरक्षा-आदेशांत) तो लागतो का ते पाहायचं, बिघाड झालेलं उपकरण बंद करून तशी पाटी लावायची, आणि मग स्वतः ठरवायचं. पुस्तक उघडून दाखवलेलं परीक्षकाला चालतं. म्हणून नियमांच्या पुस्तकाला बारा चिठ्ठ्या लावल्या. लेखीत चुकलेल्या विषयांचे संकेतांक निकालपत्रावर असतात. तेही सगळे घेतले. त्यांची वेगळी सही लागते.

४ मे — १.७ तास

सराव परीक्षा, दुसऱ्या प्रशिक्षकाकडून. आपल्या विद्यार्थ्याच्या चुका आपल्या डोळ्यांना सवयीने दिसेनाशा होतात, म्हणून परका माणूस हवाच.

वळणं, स्टॉल, लँडिंग निकषात. पडली ती डायव्हर्जनमध्ये, म्हणजे वाटेत दुसऱ्याच विमानतळाकडे वळण्यात. ट्रेसीला वळायला सांगितल्यावर आधी गणित करत बसली, सहा मिनिटं जुन्याच दिशेने विमान चालू. क्रम असा : आधी अंदाजाने विमान वळवा, घड्याळ टिपा, मग मोजा. सेक्शनल या वैमानिकांच्या नकाशावर १० नॉटिकल मैल म्हणजे ३.७ सेंटिमीटर. आपल्या अंगठ्याचं पेर अक्षांशाच्या पट्टीवर एकदा लावून ठेवावं, एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. तिचं पेर नऊ मैलांचं निघालं.

आणखी एक गोष्ट त्या प्रशिक्षकाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. वेळेचं गणित ती मनात मराठीत करते. मिनिटं आली एकोणसाठ, तोंडून इंग्रजीत निघालं 'सिक्स्टी-नाइन'. घाईत एकोणसाठमधला 'साठ' पुढे येतो. उपाय : उत्तर आलं की आधी गुडघ्यावरच्या कागदावर अंकांत लिहायचं, मग अंक सुटे वाचायचे, पाच-नऊ. मराठीत हिशोब करायची सवय मोडायची गरज नाही. तिथे ती वेगवान आणि अचूक आहे.

११ मे — १.२ तास

डायव्हर्जन दोनदा, दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात वळली. फॉरवर्ड स्लिप (विमान तिरकं धरून उंची झपाट्याने कमी करणं) फ्लॅप वर ठेवून. विमानाची पुस्तिका २० अंशांच्या पुढच्या फ्लॅपला तीव्र स्लिप टाळायला सांगते.

नंतर विमानाच्या वह्या. वार्षिक तपासणी, १०० तासांची, ट्रान्सपॉन्डर (रडारला ओळख सांगणारं यंत्र) २४ महिन्यांचा, ईएलटी (अपघातात संकेत पाठवणारं यंत्र) १२ महिन्यांचा. प्रत्येक पानावर चिठ्ठी. ईएलटीची चिठ्ठी लावायला पानच सापडलं नाही : वार्षिक तपासणीत काम झालं असावं, नोंद नाही. नोंद नाही म्हणजे तपासणी नाही. मेकॅनिककडून ती नव्याने करून सही घेतली. १०० तासांच्या तपासणीला ९ तास बाकी. मधल्या दिवसांतली दोन भाडेउड्डाणं दुसऱ्या विमानावर हलवायला सांगितली.

१७ मे

तोंडी दोन तास दहा मिनिटं, उत्तीर्ण. लॉगबुकातल्या रात्रीच्या लँडिंगपाशी परीक्षकाचं बोट थांबलं, एप्रिलची तीन पाहिली आणि पुढे सरकलं.

एक वाजता वारा २६० अंश, १९ नॉट, झोत २९. धावपट्टीच्या जवळपास रेषेत, पण तिच्या लिखित मर्यादेत झोत २५. तिने स्वतःच 'आज उडत नाही' म्हटलं. परीक्षकाने डिसकंटिन्युअन्सचं, म्हणजे परीक्षा मध्येच थांबवल्याचं, पत्र दिलं. हे नापास होणं नव्हे. झालेला भाग ६० दिवस ग्राह्य, म्हणजे १६ जुलैपर्यंत. पण लेखीची ३० जून त्याआधी येते, खरी मुदत तीच. वाऱ्यासाठी ठेवलेले सहा आठवडे इथे कामी आले. नवी वेळ २९ मे, सकाळी साडेसात. लिव्हरमोअरचा पश्चिम वारा दुपारी जोर धरतो.

२५ मे — ०.९ तास

११ मेपासून अठरा दिवसांचाही खंड नको म्हणून. स्टॉल दोन, लँडिंग चार. नवं काही नाही.

२९ मे — परीक्षा १.३ तास

वारा २४० अंश, ५ नॉट. रिओ व्हिस्टाकडे दोन चेकपॉइंट, दुसरा अंदाजापेक्षा एक मिनिट उशिरा. मुभा पाच मिनिटांची. डायव्हर्जन बायरनला, तिथे पॅराशूटवाले असतात का हे तिने कुणी न सांगता रेडिओवर ऐकून घेतलं. डावं तीव्र वळण ७० फूट खाली, निकषात. पॉवर-ऑन स्टॉलमध्ये चेंडू मध्यात. शॉर्ट-फील्ड खुणेच्या पुढे पाऊण पट्ट्यावर, वेग ६२.

उत्तीर्ण. १२० दिवसांचं तात्पुरतं प्रमाणपत्र हातात. एकूण ६५.० तास, खंडानंतरचे १२.६. परीक्षकाचा एकच शेरा : टॅक्सी करताना वाऱ्याप्रमाणे एलेरॉन ठेवायला दोनदा विसरली. २०२४च्या शेऱ्यांत हा कुठेच नाही. आमच्याही नजरेतून सुटला होता. पुढच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या मोजणी-उड्डाणाच्या कागदावर 'टॅक्सी, वारा, एलेरॉन' अशी ओळ आजच वाढवली.